कातरण

कटिंग संपलं की टेबलाखाली जे उरतं
ते कुणी मोजत नाही.
पाचशे गणवेशांच्या ऑर्डरीला
एक पोतं, कधी दीड.
गडद निळं, खाकी, मरून चेक्स,
आणि कॉलरीतलं ते करकरीत बकरम,
मातीत कुजत नाही, चुलीत धड जळत नाही,
नुसतं आक्रसतं
आणि काळा थेंब होऊन फरशीला चिकटतं.

सासूबाई याच खोलीत विड्या वळायच्या.
पानाची कातरण रात्री चुलीत,
सकाळी आंघोळीला पाणी कढत,
राखेनं तांब्या लख्ख.
कचरा म्हणून त्यांच्या हातून
कधी काही बाहेर गेलं नाही.
माझ्याकडे तीन मशीन, एक ओव्हरलॉक
आणि पाय ठेवायला जागा नाही.

घंटागाडीवाला सिद्राम
पोत्याला नुसतं बोट लावतो.
"अक्का, हे घरचं नव्हं. धंद्याचं हाय."
धंदा घरातच आहे की रे बाबा,
इकडं आमटी उकळते, तिकडं काजं होतात,
कुठं मारू रेघ?
तो गाडीचं गाणं मोठं करतो
आणि दाजी पेठेच्या बोळात वळतो.

बाशाभाई गॅरेजवाले सुती तेवढं घेतात.
एकेक चिंधी तेलात बुडवून बघतात.
"हे पितं," म्हणतात. "हे पीत नाही."
न पिणारंच जास्त.
शाळांना इस्त्री न लागणारं कापड हवं असतं.

मग एका डिलिव्हरीच्या रात्री
स्कूटीवर, पायांत पोतं धरून
नाल्यापर्यंत गेले.
कुणी पाहिलं नाही.
घरी येऊन हात दोनदा धुतले.

सकाळी दुधाला निघाले तर
कुत्र्यांनी पोतं फाडलेलं.
बाभळीवर, तारेवर, पाण्याच्या काठाला
मरून चेक्स.
आणि रस्त्यानं त्याच मरून चेक्सचे शर्ट घालून
पोरं शाळेला चाललेली.
एक पोरगी थांबली.
आधी स्वतःची बाही बघितली, मग बाभूळ.
मला ती ओळखत नव्हती
तरी मी पदर पुढं ओढला.

या भागात मरून चेक्स शिवणारी मी एकटी.
पोत्यावर नाव-पत्ता लिहिला असता
तरी इतका ठळक उमटला नसता.

दुपारी काठीला विळा बांधून गेले.
दोन तास. हाताला बाभळीचे काटे.
शेंड्यावरचं एक काही आलं नाही.

त्या रात्री मशीन लावलंच नाही.
खडू घेऊन कापडापुढं बसले,
बाही उलटी फिरवली, कॉलर तिच्या काखेत बसवली,
खिशाची आतली पिशवी तुकड्यांतून काढली.
पोतं पाऊण झालं.
पाऊणच. फुशारकी नाही मारत.

लांब पट्ट्या नरसम्मा दुडम नेतात,
माग विकला तरी बोटं थांबत नाहीत त्यांची,
सीरियल बघत पायपुसणी विणतात.
कोणाच्या दारात आता माझीच खाकी
पाय पुसून घेते.

उरलेल्यासाठी महापालिकेत गेले.
महिन्याचे पैसे भरले, पावती मिळाली.
त्यावर बाईंनी लिहिलं: 'व्यावसायिक'.
बँकेनं दोनदा परत पाठवलं होतं मला,
धंद्याचा कागद कुठाय म्हणून.
नऊ वर्षं शिवलं, कागद नव्हता.
कचऱ्यानं दिला.
नवरा म्हणाला, "घ्या, कारखानदारीणबाई."
मी पावतीला प्लॅस्टिक लावून आणलं,
मग जीभ चावली.

बकरमची पिशवी अजून पलंगाखाली आहे.
तिचं काय करायचं, कळलेलं नाही.

बाभळीच्या शेंड्यावरचा तुकडाही आहे.
उन्हानं गुलाबी पडलाय.
रंग पक्का म्हणून मीटरला चार रुपये
जादा घेतले होते व्यापाऱ्यानं.